मायनं कार्तिकी कधीच केली नाही

हा आपल्या पॉडकास्टच्या नव्या भागाचा मजकूर. ज्यांना ऐकायला जमत नाही, ज्यांच्या गावात रेंज दोन काड्यांवर अडकून बसते, त्यांच्यासाठी आपण प्रत्येक भाग असा लिहूनही टाकतो. बोलताना येणारं 'म्हणजे' आणि 'बघा' थोडं काढलंय, थोडं राहू दिलंय.

आपण इथं निझाम केला, मुक्तिसंग्राम केला, दुष्काळही केले. आज माझी आजी. 'हा इतिहास कसा?' असं कुणी विचारणारच, म्हणून आधीच सांगते. बीड जिल्ह्यातून दर दिवाळीला लाखो माणसं ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, हे तुम्हाला माहीत आहे. त्यावर बातम्या होतात, पुस्तकं होतात, पिक्चर होतात. त्यात मुकादम असतो, उचल असते, कारखान्याचा चेअरमन असतो, कोयता तर असतोच. पण गाडी गावातून निघून गेली की वेशीवर जी म्हातारी चार-पाच लेकरांना धरून उभी राहते, तिचं पुढं सहा महिने काय होतं? ती नसती तर गाडी निघाली असती का? मला वाटतं नसती निघाली. म्हणून हा भाग.

आमच्या घरात आजीला 'माय' म्हणायचे. आईला 'आई'. बाहेरच्या माणसाचा गोंधळ व्हायचा, आमचा कधी झाला नाही. आई सहा महिन्यांची होती, माय बारा महिन्यांची.

गाव शिरूर कासार तालुक्यातलं, बालाघाटाच्या डोंगरात. नाव सांगत नाही, कारण गावातले निम्मे लोक हा पॉडकास्ट ऐकतात आणि उरलेले निम्मे त्यांच्याकडून ऐकतात.

मायची जन्मतारीख आधार कार्डावर १ जानेवारी होती. आमच्या गावातल्या म्हाताऱ्या माणसांपैकी जवळजवळ सगळ्यांचा वाढदिवस १ जानेवारीलाच येतो. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते, त्यामुळं मला हे लगेच ओळखू येतं. माहिती नसली की फॉर्ममध्ये आपोआप पडणारी किंमत आहे ती. माय स्वतः तारीख सांगायची नाही, ती म्हणायची, "रझाकाराच्या साली." तिची आई पोटुशी असताना बाजरीच्या रानात लपून बसली होती, एवढीच तिच्या जन्माची गोष्ट घरात शिल्लक होती. बीड तेव्हा निझामाच्या हैदराबाद संस्थानात. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा आत शिरल्या, १७ ला निझामानं शरणागती पत्करली. पोलीस ॲक्शन म्हणतात ती हीच. सप्टेंबरात बाजरी उभी असते, माणूस लपेल एवढी उंच असते. म्हणजे मायचा जन्म १९४८ च्या शेवटी धरायला हरकत नाही. पुढं मराठवाडा १९५६ साली मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला. मायच्या बोलण्यात यातलं काहीच नव्हतं. त्या सगळ्या काळातली तिच्या आठवणीतली एकच गोष्ट म्हणजे तिचं लग्न. तेव्हा तिला नऊवारी नेसता येत नव्हती, सासूनं शिकवली.

या सासूबद्दल थोडं थांबून सांगायचंय, कारण माझ्या मते आजच्या भागातला सगळ्यात महत्त्वाचा पुरावा तिच्याजवळ आहे.

१९७२ चा दुष्काळ. आपल्याकडं नुसतं 'बहात्तर' म्हटलं की पुरतं. पाऊस आधीच दोन वर्षं कमी झाला होता, त्या वर्षी पिकानं पूर्णच दगा दिला. सरकारनं दुष्काळी कामं काढली. रस्ते, पाझर तलाव, खडी फोडणं. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर या कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. माय त्यातली एक. चोवीस-पंचवीस वर्षांची, दोन लेकरं, त्यातलं एक अंगावर पिणारं. खायला सुकडी आणि परदेशातून आलेली लाल मिलो. मिलोच्या भाकरीचं नाव काढलं तरी ती शेवटपर्यंत तोंड वाकडं करायची. खडी फोडायची म्हणजे मोठा दगड हातोड्यानं लहान करायचा, आणि मापाच्या खोक्यात भरला की त्याचे पैसे. लेकरू मांडीवर घेऊन हातोडा चालत नाही. मग लेकरू कुठं?

बाभळीखाली. बाभळीखाली मायची सासू बसायची. लुगड्याच्या दोन झोळ्या फांदीला बांधलेल्या, आजूबाजूला सहा-सात रांगणारी पोरं, त्यातली दोन घरची आणि बाकीची कामावरच्या बाया ठेवून गेलेली. ती म्हातारी दिवसभर माश्या हाकलायची, पाणी पाजायची, कुणी फार रडलं की आईपर्यंत नेऊन दूध पाजून परत आणायची. तिचं नाव मस्टरवर नव्हतं. तिला मजुरी नव्हती. ती कामावर नव्हतीच, कागदावर बघाल तर.

आता पुढं ऐका. महाराष्ट्रानं रोजगार हमीचा कायदा १९७७ साली केला. मग २००५ साली देशाचा कायदा आला, ज्याला आपण मनरेगा म्हणतो. त्या कायद्याच्या परिशिष्टात एक तरतूद होती. कामावर येणाऱ्या बायांसोबत सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त लेकरं असतील तर एका बाईला फक्त ती सांभाळायला नेमायचं, आणि तिला बाकीच्यांसारखीच मजुरी द्यायची. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये होते, आणि मला सरळ ती बाभळ दिसली. बहात्तर ते दोन हजार पाच, तेहतीस वर्षं लागली कायद्याला हे म्हणायला की बाभळीखालची बाईसुद्धा कामावरच आहे. आणि हे रोजगार हमीत. ऊसतोडीत अजूनही नाही.

दुष्काळानंतर आमच्याकडची माणसं जास्त संख्येनं उसाला जायला लागली. साखर कारखाने तोवर उभे राहिले होते. विखे पाटलांचा प्रवरानगरचा पहिला सहकारी कारखाना १९५० चा, मग नगर, सांगली, कोल्हापूर असं पसरत गेलं. तिकडं पाणी होतं, ऊस होता, आणि ऊस तोडायला माणूस हवा होता. आमच्याकडं माणूस होता, पाणी नव्हतं. हिशोब सोपा आहे. मायही आबांबरोबर जायला लागली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: तोडीत नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरतात. एकटा माणूस म्हणजे 'अर्धा कोयता'. उन्हाळ्यात मुकादम कोयत्याच्या हिशोबानं उचल देतो, ती हंगामभर तोडून फेडायची. नवरा तोडतो, बायको वाढं छाटते, मोळी बांधते, डोक्यावर घेऊन गाडीत टाकते. पहाटे चारला उठून आधी भाकरीही तिनंच करायची.

मायनं वीस-बावीस हंगाम केले. तेवढी वर्षं तिची स्वतःची लेकरं गावात सासूपाशी राहिली. माझे वडील सांगतात की पाडव्याला आई परत आली की पहिले दोन दिवस ते तिच्याजवळ जायचेच नाहीत, लाजायचे. १९९० नंतर सासू गेली, मायच्या दोन्ही पोरांची लग्नं झाली, आणि मग मायची जागा बदलली. आता माझे आई-वडील आणि काका-काकू कोयता धरून जाणार, आणि घरी राहणार माय. मी जन्मले १९९७ साली. माझ्या आठवणीतली माय ही घरी राहिलेली माय. आमच्या ऑफिसात रात्रपाळीचा माणूस सकाळच्या माणसाला काम समजावून निघतो, तशी ही तीन पिढ्यांची पाळी आहे. फरक एवढाच की इथं समजावून सांगायला कुणी थांबत नाही, गाडी हॉर्न देत असते.

आम्ही पाच होतो. माझा धाकटा भाऊ, मी, आणि काकांची तिघं. घरात एक म्हैस, चार शेरडं. पाणी हापशाचं, हापसा आटला की टँकरचं. मायचा दिवस मी तुम्हाला तासावार सांगू शकते, पण त्यातली मला सगळ्यात जास्त आठवणारी गोष्ट म्हणजे ती सतत मोजायची. लेकरं मोजायची. हिवाळ्यात आमच्या गावात कर्ती माणसं उरतच नाहीत. म्हातारे आणि पोरं, बस. विहीर आहे, साप आहे, गाडीवाट आहे, आणि वाईट नजरेची माणसंही असतात. सहा महिने एका म्हातारीनं पाच लेकरांचा जीव सांभाळायचा आणि पाडव्याला पाचच्या पाच परत द्यायची. "कुणाची अमानत हाय, मोजून घ्यावी लागती," असं म्हणायची. अमानत हा शब्द आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी सहज असतो, निझामाच्या काळातली उर्दू अजून गेलेली नाही.

संध्याकाळी ती आम्हाला मारुतीच्या देवळात हरिपाठाला न्यायची. माय माळकरी होती, गळ्यात तुळशीची माळ, एकादशी कधी चुकली नाही. लहानपणी मला वाटायचं, ही फार देवभोळी आहे म्हणून आम्हाला रोज ओढत नेते. नंतर कळलं की दिवेलागणीची ती वेळ सगळ्यात अवघड असते. अंधार पडतो, लेकरं सैरावैरा असतात, आई आठवून लहान रडायला लागतात. हरिपाठात पाचही जण एका ओळीत बसायचे, टाळ्या वाजवायचे, तिच्या नजरेसमोर असायचे. तिच्यासारख्याच आणखी सात-आठ म्हाताऱ्या आपापली लेकरं घेऊन यायच्या. मृदंग भिंतीला टांगलेला, कारण मृदंग वाजवणारा फडात. त्या देवळात संध्याकाळी तासभर जे चालायचं त्याला भजन म्हणा नाहीतर पाळणाघर म्हणा, दोन्ही खरं आहे. श्रद्धा वेगळी आणि सोय वेगळी असं मायच्या आयुष्यात मला कधी कापून दाखवता आलं नाही.

आता वारीचं. आमचा जिल्हा पालख्यांच्या वाटेवरचा. पैठणहून नाथांची पालखी, मुक्ताईनगरहून मुक्ताईची, शेगावहून गजानन महाराजांची, या सगळ्या पंढरपूरला जाताना बीड जिल्ह्यातून जातात. माय आषाढीला जायची. आधी नाथांच्या पालखीबरोबर चालत, गुडघे गेल्यावर एसटीनं. पण वारकऱ्याच्या मोठ्या वाऱ्या दोन असतात, आषाढी आणि कार्तिकी. मायनं कार्तिकी कधीच केली नाही. मी बारावीत असताना विचारलं, का गं? ती म्हणाली, "कार्तिकीला तुम्ही असता ना घरी."

माझ्या डोक्यात ते बरेच दिवस राहिलं, मग एकदा कॅलेंडर घेऊन बसले. आषाढी येते जून-जुलैत. तेव्हा तोडीला गेलेली माणसं परतलेली असतात, पेरणीच्या गडबडीत का होईना पण घरात आई-बाप असतात. म्हातारी मोकळी. कार्तिकी येते दिवाळीनंतर दहा-बारा दिवसांनी. नेमकी तेव्हा कारखान्यांची धुराडी पेटतात आणि आमची गावं रिकामी होतात. म्हणजे पंढरपूरचा देव एकच, पण आमच्या म्हाताऱ्यांना तो वर्षातून एकदाच भेटायचा, आणि कधी भेटायचं ते गाळप हंगाम ठरवायचा. तिकडं भगवानगडाचा, गहिनीनाथगडाचा नारळी सप्ताह असतो, तो येतो उन्हाळ्यात. त्याला आमचं अख्खं गाव हजर. कीर्तनकार तेच, देव तोच, पण गर्दी कधी होणार हे उसावर. जिल्ह्याच्या धार्मिक इतिहासावर लिहिणाऱ्यांनी हे कुणी नीट लिहिलंय का मी शोधतेय, सापडलं तर कळवा.

आता जरा अवघड भाग. कुणी लहान मुलं बाजूला घेऊन वाचत असेल तर बघा.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ मध्ये झाली. बीड जिल्ह्यात २० ते २४ वयाच्या बायांपैकी ४३.७ टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. राज्याचा आकडा २१.९ टक्के. म्हणजे दुप्पट. यावर पुण्या-मुंबईची माणसं 'मागासलेपण' म्हणतात आणि पुढं जातात. त्यात दोन अगदी व्यवहारी कारणं आहेत. एक, आई-बाप सहा महिने बाहेर, पोरगी वयात आलेली, घरी फक्त म्हातारी. भीती वाटते. दोन, लग्न झालं की जोडी होते, जोडी म्हणजे पूर्ण कोयता, आणि पूर्ण कोयत्याला पूर्ण उचल. पोराच्या बापालाही घाई, पोरीच्या बापालाही.

माझी मोठी चुलत बहीण सोळाव्या वर्षी गेली. मायनं तेव्हा विरोध केला नाही. उलट तिनंच रुखवत केला. हे मुद्दाम सांगते, कारण माय काही सुधारक नव्हती. दूध आधी पोरांना द्यायची, मग आम्हाला. पाळीच्या चार दिवसांत देवघराकडं फिरकू द्यायची नाही. बहिणीचं पहिलं बाळंतपण सतराव्या वर्षी झालं, आणि त्याच हंगामात ती ओल्या बाळंतिणीची फडावरच्या कोपीत राहायला गेली. ते बाळ जगलं नाही. माय त्यावर कधी बोलली नाही. पण त्यानंतर माझी पाळी आली तेव्हा ती वेगळी वागली.

मी नववीत असताना पहिलं स्थळ आलं. पाहुणे ओट्यावर बसलेले, माय आतून चहा घेऊन आली आणि म्हणाली, "आवंदा गुरुबळ न्हाई पोरीला. म्हाराजानं पंचांग बघितलंय. पुढल्या साली बघू." पाहुणे गेले. गुरुबळ नसताना पोरीचं लग्न करत नाहीत, याला कोण काय म्हणणार? दहावीच्या वर्षी दुसरं स्थळ. पुन्हा गुरुबळ नाही. अकरावीला म्हणाली, साडेसाती आहे. वडील एकदा फोनवर चिडले, की अशी कशी हिची पत्रिका, बदलतच नाही. मला खूप नंतर कळलं की आमच्या घरात कुणाची पत्रिका कधी काढलेलीच नव्हती.

मी अठरा पूर्ण केली तेव्हा बीटेकला लागले होते, शिष्यवृत्तीवर. त्या दिवशी गुरुबळ आलं का, असं मी तिला विचारलं. ती हसली नाही. म्हणाली, "आता तुझं तू बघ."

बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ सालचा आहे, चांगला कायदा आहे. पण आमच्या ओट्यावर तो कायदा कधी आला नाही. ओट्यावर एक माळकरी म्हातारी होती आणि तिच्याकडं तिच्या देवाधर्मानं दिलेलं एक कारण होतं, जे मोडायची कुणाची हिंमत नव्हती. तिनं ते खोटं वापरलं. त्यासाठी तिनं विठ्ठलाची माफी मागितली असेल का? मागितली असणार असं मला वाटतं, तिचा स्वभाव बघता.

दुसरी गोष्ट थोडक्यात सांगते. २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायांच्या 'पिशवीच्या ऑपरेशन'च्या बातम्या देशभर झाल्या. सरकारनं समिती नेमली. ८२,३०९ बायांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. आमच्या घरातही एकीची काढली, तिशीतच. बातम्यांमध्ये ऑपरेशनपर्यंतचं सगळं आलं. ऑपरेशननंतरचं मी घरात बघितलं. बाई घरी आणली, महिनाभर उठायचं नाही, वाकायचं नाही. तिची लेकरं, तिचं पथ्य, तिचं अंथरूण, सगळं मायनं केलं, वयाच्या पासष्टीनंतर. बाळंतिणीसारखी शेकली तिला. पुढच्या दिवाळीला ती बाई पुन्हा गाडीत चढली, कारण उचल घेतलेली होती.

इथं मला एक सांगायचंय, आणि काहींना ते आवडणार नाही. आपण आजीबद्दल बोलायला लागलो की 'माया', 'ऊब', 'गोधडी' असं सुरू होतं. माय मायाळू होती, खरंच होती. पण ती घरी राहिली ती फक्त मायेनं नाही. तिला कुणी विचारलंच नव्हतं. एकदा ती मला म्हणाली होती, "फडात बरं व्हतं. मोळी बांधली की मोकळं. हितं मोकळं कवाच न्हाई." वीस वर्षं डोक्यावर मोळ्या वाहिलेली बाई हे म्हणते. केंद्र सरकारनं २०१९ मध्ये वेळेच्या वापराची पाहणी केली होती. घरकाम करणाऱ्या बाया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात, पुरुष ९७ मिनिटं. त्याशिवाय लेकरं, आजारी माणसं सांभाळण्याचं वेगळं: बाया १३४, पुरुष ७६. हे वाचून मायची मिनिटं कशी मोजायची याचा मी विचार केला. रात्री झोपेत पाच जणांवर गोधडी ओढायची, ते कुठल्या रकान्यात टाकणार?

साखर स्वस्त का पडते याचं एक उत्तर तोडीचा दर कमी हे आहे. दरासाठी संप होतात, करार होतात, २०२४ च्या जानेवारीत ३४ टक्के वाढ मिळाली, आणि ती मिळायलाच हवी होती. पण त्या दरात मागं राहिलेल्या लेकरांच्या सांभाळाचा एक रुपया धरलेला नाही. तो माय फुकट करत होती. कारखान्याला ते कधी बिलात दिसलंच नाही.

कागदावर माय कुठं सापडते, हे मी ती गेल्यावर शोधलं. सात-बाऱ्यावर तिचं नाव आबा गेल्यावर वारस म्हणून लागलं, त्याआधी नाही. श्रावणबाळ योजनेची पेन्शन होती, त्यासाठी दरवर्षी हयातीचा दाखला. रेशनकार्डावर मात्र ती चक्क कुटुंबप्रमुख. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं घरातली सगळ्यात मोठी बाई ही रेशनकार्डासाठी कुटुंबप्रमुख धरली जाते, तेव्हापासून. ते कार्ड तिनं पिशवीत गुंडाळून देवघरात ठेवलं होतं, विठ्ठलाच्या फोटोमागं.

आणि कागदाबाहेर? हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ या दोघांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त ओव्या. आमच्याच जिल्ह्यात, माजलगावच्या भीमनगरात, १९९६ साली त्यांनी रेकॉर्डिंग केलं, तिथल्या बायांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्या त्यात आहेत. २०१७ पासून 'पारी' या वेबसाइटवर हा सगळा खजिना गाणारणीच्या नावासह, गावासह येतोय, ऐकता येतो. माझ्यासारख्या डेटाबेसमध्ये आयुष्य घालवणाऱ्या माणसाला हे बघून फार बरं वाटतं. गाणारणीचं नाव, गाव, तालुका, जिल्हा, सगळे रकाने भरलेले, कुठंही १ जानेवारी नाही. माय त्यात नाही. आमच्या गावात गिरणी लवकर आली आणि जातं फक्त लग्नाच्या हळदीपुरतं उरलं. तिला ओव्या येत होत्या, पण जात्याचा खुंटा हातात असल्याशिवाय आठवायच्या नाहीत.

जनाबाईवर मात्र तिचा फार जीव. जनाबाई गंगाखेडची, परळीच्या पुढं, म्हणजे आमच्या शेजारच्या परभणी जिल्ह्यातली. लहानपणी आई-बापानं पंढरपूरला नामदेवाच्या घरी ठेवली, जन्मभर तिथं दळण-कांडण केलं. तिच्या अभंगांत विठ्ठल स्वतः येऊन तिला दळू लागतो, शेण्या वेचू लागतो. सातशे वर्षांपूर्वी एका मोलकरणीनं देवाला घरकामाला लावलं, ही काही लहान गोष्ट नाही. मी मायला एकदा हे असं सांगितलं तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "जनीला देव व्हता दळू लागायला. मला कोण हाय? तुम्ही पाच जण, ते बी खायला."

माय गेल्या पौषात गेली. पौष म्हणजे गाळप जोरात. काका-काकू फडात होते, कोल्हापूरच्या खाली. मी पुण्याहून पोचले तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते, ते पोचले दुसऱ्या दिवशी दुपारी. तोवर तिच्याजवळ आम्ही, आणि देवळातल्या त्या हरिपाठाच्या म्हाताऱ्या, आता तीनच उरलेल्या. खांदा द्यायला गावात माणसं कमी पडली, शेजारच्या गावातून चौघं आले. दहाव्यानंतर काका परत गेले, काकू चार दिवस जास्त राहिली.

सरकारनं २०२१ मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावानं वसतिगृहांची योजना आणली, ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं, प्रत्येकी १०० मुलं. शाळांमधून हंगामी वसतिगृहं त्याआधीपासून चालतात, त्यात बऱ्याच ठिकाणी जेवण शाळेत आणि झोपायला पोरं आजीकडंच. मला ही योजना वाढायला हवी आहे, मुलींसाठी तर नक्कीच. ८२ गुणिले १०० म्हणजे ८,२००. बाकीची अमानत अजून म्हाताऱ्यांच्या ओट्यावरच आहे.

आमच्या घरात यंदा प्रश्न असा आहे की चुलत भावाची दोन लेकरं कुणाजवळ ठेवायची. काकूचं वय पन्नास. ती म्हणते, मी अजून तोडू शकते. भाऊ म्हणतो, तू राहा. दसरा झाला की ठरेल.

तुमच्याकडून एक हवंय. घरी आजी असेल, किंवा शेजारी कुणी असेल, तर तिला वर्ष विचारू नका, वर्ष सांगता येत नाही. असं विचारा: तू पहिल्यांदा उसाला गेलीस तेव्हा कडेवर कोण होतं, आणि घरी कोण राहिलं? जे सांगेल ते फोनवर रेकॉर्ड करा, गावाचं नाव बोलायला सांगा, तिची परवानगी घ्या आणि आम्हाला पाठवा. पुढचा भाग पंधरा दिवसांनी. त्यात यातलं काही ऐकवू.